वाटेत राहिलेले पैसे

आमच्या वडिलांची हिशोबाची वही अजून आमच्या संग्रही आहे. तांबड्या कापडी बांधणीची, उभट आकाराची. पाने पिवळी पडली आहेत, पण शाई टिकून आहे. सांगलीच्या वाड्यातील आमच्या वाटणीच्या दोन खोल्यांचे भाडे आमचे चुलते दरमहा मनीऑर्डरीने बडोद्यास पाठवीत. दांडिया बाजारातील घराच्या ओट्यावर पोस्टमन येई. वडील चष्मा लावून कूपनावरील दोन ओळी वाचीत, पैसे मोजून घेत आणि लागलीच वही उघडीत. त्या वहीत या एका जमेसाठी त्यांनी दोन रकाने आखले होते. पहिल्याचे नाव ‘मुळात’, दुसऱ्याचे ‘हाती’. भाडेकरूने दिले ते मुळात. घरपट्टी, कौले परतण्याची मजुरी आणि मनीऑर्डरीचे कमिशन वजा जाऊन आमच्यापर्यंत पोहोचले ते हाती. दोहोंची वजाबाकी ते आम्हां भावंडांकडून करवून घेत. “वाटेत किती राहिले?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न असे.

चुलत्यांवर त्यांचा अविश्वास होता असे मुळीच नव्हे. घरपट्टी भरावीच लागते, कौलेही परतावीच लागतात. त्यांचे म्हणणे इतकेच की, खिशातून गेलेला पैसा माणसाला टोचतो. पण खिशात येण्यापूर्वीच जो जातो तो गेल्याचे मनास कळतच नाही, म्हणून त्याची नोंद अधिक काळजीने ठेवावी. या वहीची आठवण पुन्हा व्हावी असा प्रसंग २०२४ साली आमच्या घरात घडला. परदेशी कंपन्यांत आणि फंडांत पैसा ठेवणारी घरे आता आपल्या मंडळींत थोडी राहिलेली नाहीत. म्हणून तो येथे सांगतो.

आमचे थोरले बंधू, अण्णा, त्या वर्षीच्या फेब्रुवारीत गेले. व्यवसायाने ते अभियंते. निवृत्तीनंतर त्यांना बाजाराच्या अभ्यासाचा नाद लागला होता, पण सट्ट्याचा नव्हे. नातीच्या उच्च शिक्षणाचा खर्च पुढेमागे डॉलरमध्ये येणार, तर तिच्यासाठी ठेवलेली शिल्लकही डॉलरमध्येच असावी, हा त्यांचा साधा विचार. निवासी भारतीयांना परदेशी रक्कम पाठविण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २००४ साली दिली; आता तिची मर्यादा माणशी, वर्षास २,५०,००० डॉलर आहे. त्या मुभेचा लाभ घेऊन २०१९ पासून अण्णा थोडे थोडे पैसे अमेरिकेत पाठवीत आणि तेथील ५०० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या एकाच फंडाची युनिटे घेत. त्याविषयी ते घरात बोलत. पण जेवताना बोललेले कोण लिहून ठेवतो?

तेरावा झाला आणि वरच्या मजल्यावरून वहिनी एक निळी फाईल घेऊन खाली आल्या. “भाऊजी,” त्या म्हणाल्या, “मला हिशोब कळतो, ही भाषा कळत नाही. यात दर तीन महिन्यांनी पैसे जमा झालेले दिसतात आणि त्याच दिवशी काही कापलेलेही दिसतात. पैसे आमचेच ना? मग आम्हांला न विचारता कापले कोणी?”

आम्ही चाळीस वर्षे एका कारखान्याच्या हिशोब खात्यात काढली. तरी या प्रश्नाचे उत्तर आम्हांसही त्या दिवशी देता आले नाही. मग आम्ही दोघे टेबलाशी बसलो, वडिलांच्या वहीप्रमाणे कागदावर दोन रकाने आखले आणि अण्णांचे एकेक विवरण उतरून काढू लागलो. २०२२ अखेरपर्यंत मुळात १०० डॉलर लाभांश असेल तर हाती ७५ आलेले होते. २०२३ च्या मार्चपासून मात्र हाती ७० च येऊ लागले होते. फंड तोच, माणूस तोच. वाटेत राहिलेले तेवढे पंचवीसाचे तीस झाले होते.

याचा उलगडा व्हावयास आठवडा लागला. अमेरिकन कंपनीचा लाभांश परदेशस्थ माणसास जातो तेव्हा तेथील सरकार त्यातून १०० मागे ३० डॉलर उगमापाशीच कापून घेते. भारत आणि अमेरिका यांच्यात १९८९ साली जो करविषयक करार झाला, त्यान्वये भारतात राहणाऱ्या व्यक्तीसाठी हा दर २५ वर आणला गेला. पण आपण भारताचे रहिवासी आहोत असे लिहून देणारा एक अर्ज दलालाकडे भरलेला असावा लागतो. त्यास ‘डब्ल्यू-८बेन’ म्हणतात. तो सही केल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालतो, पुढे नव्याने द्यावा लागतो. अण्णांची सही २०१९ ची. अर्जाची मुदत २०२२ अखेर संपली. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्यांचे डायलिसिस सुरू झाले होते. एरवी विजेचे बिलही मुदतीच्या आठ दिवस आधी भरणारा हा माणूस तो अर्ज भरावयाचा राहिला. त्यांच्या आजाराची अशीही एक नोंद त्या परक्या कागदावर झालेली पाहून आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही.

वहिनींना समजावून सांगताना आम्हांस बडोद्याचे जुने जकात नाके आठवले. माल एका गावाहून निघतो, दुसऱ्या गावावरून जातो, तिसऱ्या गावी उतरतो. प्रत्येक वेशीवर नाका असू शकतो. लाभांशाचेही तसेच आहे. कंपनीचे एक गाव असते, फंडाचे एक गाव असते आणि आपले एक गाव असते. फंडाचे गाव म्हणजे त्याची कायदेशीर नोंदणी ज्या देशात झाली तो देश. त्याची युनिटे कोठे खरेदी झाली किंवा आपला दलाल कोठे बसतो याच्याशी त्याचा संबंध नाही. पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात राहून मूळ गाव सांगली सांगणाऱ्या आम्हां मंडळींस हा भेद कळावयास वस्तुतः कठीण जाऊ नये!

आता कोणी म्हणेल, अमेरिकेत कापलेला कर येथील करातून वजा मिळतोच ना? मिळतो, पण येथे कर लागत असेल तरच, आणि तेवढ्यापुरताच. ज्यास भारतात ३० टक्के दराने कर पडतो, तो १०० डॉलरवर येथील ३० मधून अमेरिकेतील २५ वजा करून उरलेले ५ आणि अधिभार भरतो. त्याचे फारसे नुकसान होत नाही. मात्र वजावटीचा अर्ज त्याने वेळेवर भरावा लागतो. वहिनींचे तसे नाही. त्यांचे उत्पन्न म्हणजे कुटुंब निवृत्तिवेतन आणि बँकेचे व्याज. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून तर नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या साधारण उत्पन्नावर करच द्यावा लागत नाही. मग अमेरिकेत कापलेले २५ कशातून वजा करावयाचे? शून्यातून पंचवीस जात नाहीत. म्हणजे ज्या घरास पैशाची निकड अधिक, त्याचेच पैसे वाटेत कायमचे राहतात. आणि अर्ज न भरल्यामुळे जे वरचे ५ गेले, ते करारापेक्षा जास्त असल्याने येथे कोणासच वजा मिळत नाहीत. ते अमेरिकेतच विवरणपत्र भरून परत मागावे लागतात.

ही झाली लाभांशाची गोष्ट. फाईल वाचता वाचता आम्हांस तिच्याहून मोठी गोष्ट कळली, आणि ती कळली त्या रात्री झोप आली नाही. आपल्याकडचा मृत्युकर १९८५ साली रद्द झाला, त्यामुळे वारसाहक्काने आलेल्या मालमत्तेवर कर असतो याची आठवणही आज घरांत उरलेली नाही. अमेरिकेत असा कर १९१६ सालापासून आहे. २०२४ साली मृत्यू पावलेल्या अमेरिकन नागरिकास तो १ कोटी ३६ लाख डॉलरच्या वरच लागू होता. परदेशस्थ माणसाच्या अमेरिकेतील मालमत्तेस सूट आहे ती फक्त ६०,००० डॉलरची. वरील रकमेवर २६ टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत चढता दर. अमेरिकेत नोंदलेल्या फंडाची युनिटे ही तेथीलच मालमत्ता समजली जाते, आणि या कराबाबत भारत व अमेरिका यांच्यात करार नाही. एखाद्याच्या नावे १,००,००० डॉलरची युनिटे असतील तर वारसांस १०,८०० डॉलर कर भरावा लागेल. २०२४ च्या भावाने जवळजवळ नऊ लाख रुपये. शिवाय नऊ महिन्यांच्या आत विवरणपत्र, आणि तेथील कर खात्याचा दाखला मिळेपर्यंत पैसे अडकलेले.

अण्णा गेले त्या दिवशी त्यांच्या युनिटांची किंमत सुमारे ५४,००० डॉलर होती. आम्ही ती बेरीज तीन वेळा केली आणि सुटकेचा श्वास टाकला. त्या वर्षअखेर बाजार चढून तीच युनिटे ६३,००० डॉलरच्या वर गेली. म्हणजे अण्णा आणखी वर्षभर जगले असते तर हा कर पडला असता. हे आम्ही बोलून गेलो आणि लगेच जीभ चावली. वहिनी शांतपणे म्हणाल्या, “पडला असता तर भरला असता, भाऊजी.” त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते.

सूट मिळाली तरी कागद चुकले नाहीत. मृत्यूचा दाखला, वारसाचे प्रतिज्ञापत्र, त्यांवरील नोटरीचे शिक्के आणि वहिनींच्या नावाचा नवा ‘डब्ल्यू-८बेन’, हे सारे पुरे करून युनिटे त्यांच्या नावावर होण्यास सात महिने लागले. त्या सात महिन्यांत आम्ही एकच विचार करीत होतो : जे अण्णांनी नातीसाठी ठेवले, ते आता कोणत्या गावी ठेवावे?

अभ्यासाअंती तीन वाटा दिसल्या. पहिली म्हणजे आहे तेथेच ठेवणे. तिचे तोटे वर आलेच. दुसरी आयर्लंडची. अमेरिका आणि आयर्लंड यांच्यात १९९७ साली झालेल्या करारान्वये आयर्लंडमध्ये नोंदलेल्या फंडांच्या लाभांशातून अमेरिका ३० ऐवजी १५ कापते. पुढे तो फंड आपल्यासारख्या परदेशस्थास पैसे देतो तेव्हा आयर्लंड वाटेत काही घेत नाही. तेच ५०० कंपन्यांचे निर्देशांक फंड तेथे नोंदलेले आहेत, आणि लंडनच्या बाजारात डॉलरमध्ये मिळतात. त्यांत एक प्रकार असा की, लाभांश वाटून न देता फंडातच पुन्हा गुंतविला जातो. आपल्या म्युच्युअल फंडांच्या ‘ग्रोथ’ पर्यायासारखाच. अमेरिकन फंडास आपले उत्पन्न जवळजवळ सगळे वाटून टाकावे लागते, म्हणून तेथे ही सोय नाही. लाभांश हाती येत नाही, म्हणून भारतात दरवर्षी त्यावर कर नाही. दोन वर्षांहून अधिक काळ ठेवून विकल्यावर नफ्यावर साडेबारा टक्के, हा दर २३ जुलै २०२४ पासूनचा. आणि मुख्य म्हणजे आयर्लंडच्या फंडाची युनिटे ही अमेरिकेतील मालमत्ता नव्हे. त्या ६०,००० डॉलरच्या उंबरठ्याशी तिचा संबंध नाही. मात्र परदेशातील कोणतेही गाव चालते असे नाही. लक्झेंबर्गमध्ये नोंदलेल्या फंडांच्या अमेरिकन लाभांशातून सामान्यतः ३० च कापले जातात. म्हणून गावाचे नाव पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

तिसरी वाट आपल्याच देशातील म्युच्युअल फंडाची, जो पुढे अमेरिकेत गुंतवणूक करतो. तेथेही अमेरिका २५ कापतेच, आणि ते विवरणात दिसतही नाही. पण मालमत्ता भारतातील, नामनिर्देशन आपल्या भाषेत समजेल असे, परदेशी अर्ज नाहीत, मृत्युकराची धास्ती नाही. अडचण एवढीच की, अशा फंडांच्या परदेशी गुंतवणुकीवर एकूण ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे. ती भरत आल्यामुळे २०२२ च्या फेब्रुवारीत अनेक योजनांनी नवे पैसे घेणे थांबविले होते. ज्यांची शिल्लक थोडी आणि कागदांचा कंटाळा फार, त्यांनी प्रथम याच वाटेचा विचार करावा असे आमचे मत झाले.

लाभाचा आकडाही डोळ्यांसमोर असावा. अण्णांच्या फंडाचा वर्षाचा लाभांश सुमारे ७५० डॉलर. २५ ऐवजी १५ कापले गेले तर वाचतात ७५ डॉलर, म्हणजे सहा हजार रुपयांच्या आसपास. पैसे पाठविताना बँक रुपया-डॉलरच्या भावात जे ठेवून घेते, दलालाची दलाली, फंडाचा वार्षिक खर्च, ही सारी याच वाटेवरची मंडळी. त्यांकडे दुर्लक्ष करून केवळ कराच्या मागे धावणे म्हणजे कौले परतून घरपट्टी विसरण्यासारखे आहे. लाभांशावरील बचत लहान असते. वारसांवरील संकट मोठे असते. फंडाचे गाव निवडताना आम्ही वजन दिले ते दुसऱ्या गोष्टीस.

हे सारे करताना वहिनींनी एक शंका काढली. “यात लबाडी तर नाही ना? ह्यांनी आयुष्यात कधी तसला पैसा घेतला नाही.” प्रश्न योग्यच होता. करारांनी जी वाट उघडी ठेवली तिने जाणे ही लबाडी नव्हे. पण गेलो हे सांगावयास हवे. परदेशी मालमत्ता असलेल्या निवासी भारतीयाचे उत्पन्न करपात्र नसले तरी त्याने विवरणपत्र भरून परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात ती दाखविली पाहिजे. ती लपविल्यास २०१५ च्या कायद्यान्वये १० लाख रुपयांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेस त्यातून सूट मिळाली, पण वहिनींची रक्कम त्याच्या दुपटीहून अधिक. अण्णांची २०१९ पासूनची सर्व परिशिष्टे फाईलमध्ये क्रमाने लावलेली निघाली. वहिनींनी ती एकेक उलटून पाहिली आणि मगच कागदावर सही केली.

अखेर असे ठरले की, निम्मी रक्कम विकून परत आणावी आणि वहिनींच्या हाताशी बँकेत ठेवावी. अमेरिकेने त्या विक्रीच्या नफ्यावर काही मागितले नाही. परदेशस्थाच्या शेअरविक्रीच्या नफ्यावर ते सरकार सामान्यतः कर घेत नाही. कर येथे, आपल्या गावी भरला. उरलेली रक्कम आयर्लंडच्या संचयी फंडात नातीसाठी राहिली आहे. आठ वर्षांनी तिला लागेल तेव्हा काय भाव असेल हे कोणी सांगू शकत नाही, आणि आम्हीही सांगत नाही.

ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांस आणखी एक शब्द. आपल्या देशात तीच परदेशस्थ ठरतात. त्यांच्या नावे येथील शेअर असतील तर लाभांशातून आपले सरकार उगमापाशी २० टक्के आणि अधिभार कापते; कोणत्या देशाशी कोणता करार आहे ते पाहून हा दर काहींना कमी करून घेता येतो. अमेरिकेत राहणाऱ्या मुलांच्या नावे भारतीय म्युच्युअल फंड घेण्यापूर्वी तर तेथील सल्लागारास विचारावेच. अशा परदेशी फंडांसाठी अमेरिकेचे १९८६ सालापासूनचे नियम फार जाचक आहेत. मायेने घेतलेली युनिटे मुलांस डोईजड होऊ नयेत.

वहिनींनी आता स्वतःची वही केली आहे. पहिल्या पानावर तीन ओळी आहेत : कंपन्यांचे गाव अमेरिका, फंडाचे गाव आयर्लंड, आपले गाव बडोदे. त्याखाली दलालाच्या खात्याचा क्रमांक, अर्जाची मुदत संपण्याची तारीख, आणि ही वही कोठे ठेवली आहे हे कोणाकोणास ठाऊक आहे, त्यांची नावे. दुसऱ्या पानापासून रकाने सुरू होतात. ‘मुळात’ आणि ‘हाती’ ही नावे त्यांनी वडिलांच्या वहीतूनच घेतली.

वाचकहो, घरोघरी अशी एखादी निळी फाईल असते, आणि ती कळणारे माणूस बहुधा एकच असते. ते माणूस समोर बसलेले आहे तोवर दोघांनी मिळून ती एकदा उघडावी, एवढेच सांगावयाचे होते. गेल्या महिन्यात नात सुट्टीसाठी आली होती. वहिनींनी तिला जवळ बसवून घेतले, वही पुढे केली आणि विचारले, “सांग पाहू, वाटेत किती राहिले?” मुलीने बोटे मोजावयास सुरुवात केली.